माल्टा : वाक्यात उपयोग करा

नगरला नागापूरच्या चौकातून एमआयडीसीकडे वळलं की डाव्या हाताला बेअरिंगचं एक दुकान लागतं. त्याच्या वरच्या खोलीत दीपा भिंगारदिवे यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा फळा आणि भिंतीवर जगाचा नकाशा. शेजारच्या वर्कशॉपमधून दिवसभर कटरचा आवाज येतो, आणि दीपाताई त्या आवाजाच्या वर आवाज चढवून शिकवतात. त्यामुळे घरी गेल्यावर त्यांना बोलावंसं वाटत नाही. त्यांचे यजमान सचिन हेही कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेले असतात. दोघं टीव्ही लावून बसतात आणि आवाज बंद ठेवतात.

बावीस वर्षं त्यांनी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. पुढच्या वर्षी मान्यता येईल, असं दर जूनमध्ये सांगितलं जाई. कोरोनात ते महाविद्यालयच बंद पडलं. तेव्हा दीपाताई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. नवीन नोकरीसाठी उशीर झालेला आणि घरी बसायला लवकर होतं. म्हणून हा क्लास.

क्लासला येणारे बहुतेक जण कुठे ना कुठे जायच्या तयारीत असतात. कोणी फिटर, कोणी नर्स, कोणी ड्रायव्हर. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दीपाताई फळ्यावर देशांची नावं लिहितात आणि खाली लिहितात : वाक्यात उपयोग करा. मग एकेक जण उभा राहतो. जपान इज अ व्हेरी डेव्हलप कंट्री. आय लाइक दुबई. दुबई हा देश नाही, शहर आहे, हे त्या सांगतात. नेदरलँड्सच्या आधी ‘द’ लावायचा आणि जर्मनीच्या आधी लावायचा नाही, हे सांगतात. कानिफनाथ नावाचा एक फिटर कंपनीतर्फे तीन आठवडे जपानला जाऊन आला होता. तो ऐटीत म्हणाला, “आय हॅव गॉन टू जपान.”

“तुम्ही माझ्यासमोर उभे आहात ना?” दीपाताई म्हणाल्या. “मग ‘बीन’ म्हणा. ‘गॉन’ म्हणजे माणूस गेलाय आणि अजून तिकडेच आहे.”

सगळे हसले. दीपाताई हसल्या नाहीत. हे त्यांनी किती तुकड्यांना सांगितलं होतं याची मोजदाद त्यांनी सोडून दिली होती. शिकून तयार झालेला माणूस निघून जातो आणि त्याच खुर्चीवर दुसरा येऊन तीच चूक करतो. त्यांच्या स्वतःकडे पासपोर्टही नव्हता.

सुरेखा गर्जे ही त्यांची चार वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला तिची वस्ती. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर घर बंद करून निघायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. सुरेखाचं अर्धं बालपण साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत गेलं. तरी ती बारावी झाली, नर्सिंगचा कोर्स केला, नगरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं. मग तिने माल्टा नावाच्या देशातल्या एका वृद्धाश्रमात काम मिळवलं. तिथे सगळे इंग्रजी बोलतात, म्हणून ती दीपाताईंकडे आली. चार महिने एकही दिवस न चुकवता शिकली आणि गेली.

तिच्या आईला, बायडाबाईंना, माल्टा म्हणजे फळ माहीत होतं. नगरला हातगाडीवर मिळतं, संत्र्यासारखं, पण महाग. आपली पोर फळाच्या नावाच्या देशात गेली आहे, असं त्या वस्तीवर सांगत.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी बायडाबाई क्लासचा जिना चढून वर आल्या. सकाळचे अकरा वाजले होते, खोलीत कोणी नव्हतं. दीपाताई टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या.

“म्याडम, मी सुरेखाची आई.”

“या मावशी, बसा. सुरेखा बरी आहे ना?”

बायडाबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. पिशवी मांडीवर घेतली. “मला इंग्रजी शिकायचंय.”

दीपाताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“सगळं नको,” बायडाबाई म्हणाल्या. “माल्टाचं तेवडंच शिकवा.”

मग हळूहळू सगळं कळलं. सुरेखाच्या गर्भाशयात गाठ निघाली होती. सप्टेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. बायडाबाईंना दोन महिने तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. पासपोर्ट निघाला होता. व्हिसाचे कागद एजंटने भरले होते, आणि तो म्हणाला होता की कार्यालयातून फोन येतो आणि इंग्रजीत विचारतात.

“माझी पिशवी काडली तवा मी तीस वर्साची हुते,” बायडाबाई म्हणाल्या. “आमच्यात लई बायांची काडलीय. फडात पाळी परवडत न्हाई. पंधराव्या दिवशी मी मोळी उचलली. तवापासनं ही कंबर आशी हाय. पोरीचं तसं व्हायला नको. कुनीतरी जवळ पायजे, तिला वाकू न देनारं.”

“लिहिता-वाचता येतं?”

“सही येती.”

दीपाताई नाही म्हणणार होत्या. तुकडीबाहेरचं कोणी घ्यायचं नाही, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. अंगात तेवढी ताकदच उरत नसे. पण ही बाई आधी एसटीने आणि मग रिक्षाने, दोन तास प्रवास करून आली होती. घामाने तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते, ती त्या सकाळी दीपाताईंकडे नव्हती. “मंगळवारी आणि शुक्रवारी या,” त्या म्हणाल्या. “अकरा वाजता.”

बायडाबाई कानाने शिकत होत्या. वहीचा उपयोग नव्हता, म्हणून दीपाताईंनी हात वापरले. ‘इन’ म्हणताना एक मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत ठेवायची. ‘टू’ म्हणताना हात पुढे न्यायचा. ‘फ्रॉम’ म्हणताना छातीशी आणायचा. माय डॉटर इज इन माल्टा. आय वॉन्ट टू गो टू माल्टा. आय विल स्टे इन माल्टा फॉर टू मन्थ्स. आय विल कम बॅक फ्रॉम माल्टा.

“आय यिल कम ब्याक फ्रॉम माल्टा,” बायडाबाई म्हणत, आणि हात छातीशी आणत.

एसटीत त्या खिडकीशी बसून ओठ हलवत. कंडक्टरला वाटे म्हातारी जप करते. खरं तर त्या म्हाताऱ्या नव्हत्या, दीपाताईंपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या. एकदा त्यांनी विचारलं, “गाव इच्यारलं तर नगर म्हनू का नवं नाव म्हनू?” पासपोर्टवर अहमदनगर होतं. “पासपोर्टवर आहे तेच म्हणा,” दीपाताईंनी सांगितलं. मग ‘आय ॲम फ्रॉम अहमदनगर’ हे वाक्य झालं. त्यात माल्टा नव्हतं, म्हणून ते त्यांच्या लक्षात राहीना. प्रत्येक वेळी त्या अडखळत.

एकदा त्या म्हणाल्या, “शेजारनी इच्यारत्यात, देश कसा हाय. त्याचं बी एक वाक्य सांगा.” दीपाताईंनी ‘माल्टा इज अ ब्यूटिफुल कंट्री’ सांगितलं. ते त्यांना सगळ्यात लवकर आलं.

त्या शिकवणीच्या दिवशी दीपाताईंना बरं वाटायचं असं म्हणता येणार नाही. त्या थकलेल्याच असत. एक वाक्य तीस-तीस वेळा म्हणायचं, त्याच स्वरात, त्याच हातवाऱ्यांनी. पण बायडाबाई गेल्यावर त्या टेबलावर डोकं टेकत नसत. नकाशापुढे उभ्या राहत. माल्टा शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. इटलीच्या खाली निळ्यात एक ठिपका होता, नावाची अक्षरं त्याच्याहून मोठी.

ऑगस्टच्या मध्याला फोन आला. त्या वेळी बायडाबाई बाजरीत खुरपत होत्या. खुरपं खाली टाकून त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि बोलल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या, आणि जिन्यातूनच त्यांचा आवाज आला.

“म्याडम, समदं म्हनलं. येकबी इसरले न्हाई.”

दीपाताईंनी त्यांना पाणी दिलं. “काय काय विचारलं त्यांनी?”

“बाई हुती. चांगली बोलली. का जायचं म्हनली, मी डॉटर म्हनले. किती दिस, मी टू मन्थ्स म्हनले. शेवटाला दोन-तीन गोष्टी इच्यारल्या, त्या काय कळल्या न्हाईत. त्यात माल्टा नव्हतं.”

“आठवतं का काही?”

“ल्यांड म्हनली. जमिनीचं आसंल, मी येस म्हनले. मंग रिटन, रिटन असं काय तरी. तिकिटाचंच आसंल. मी खरं ते सांगितलं, नो. एजंट म्हनला हुता, इसा आल्याबिगर तिकिट काडायचं न्हाई.”

दीपाताईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. ‘विल यू रिटर्न?’ असंच विचारलं असणार. दहा आठवडे त्यांनी ‘कम बॅक’ शिकवलं होतं. ‘रिटर्न’ हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. बावीस अधिक पाच वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या हे ध्यानात यायला हवं होतं, की एकाच गोष्टीला दोन शब्द असतात आणि साहेब नेहमी दुसरा वापरतो.

“झालं ना मंग?” बायडाबाईंनी विचारलं.

“बघू,” दीपाताई म्हणाल्या. “पुढच्या मंगळवारी या.”

एजंटला फोन करून त्यांनी काही करता येईल का विचारलं. तो म्हणाला, आता काही नाही, वाट बघा. दोन आठवड्यांनी कागद आला. तो घेऊन बायडाबाई क्लासमध्ये आल्या. छापील यादी होती आणि एका ओळीपुढे चौकटीत खूण होती. दीपाताईंनी ती ओळ आधी मनात वाचली, मग मराठीत सांगितली. मुदत संपण्याआधी तुम्ही तो देश सोडून परत जाल, याची आम्हाला खात्री वाटत नाही.

“परत येनार न्हाई म्हनत्यात?”

“हो.”

“मी?” बायडाबाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “म्हातारा हितं, शेळ्या हितं. मी तिकडं राहून काय करू?”

तेव्हा दीपाताईंनी सांगून टाकलं. रिटर्न म्हणजे कम बॅकच. तिकिटाचं नव्हतं ते. मी तुम्हाला तो शब्द शिकवायला हवा होता, माझी चूक झाली. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. कटरचा आवाज चालूच होता, त्यामुळे बायडाबाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

बायडाबाई म्हणाल्या, “त्यांनी येकदा पुन्यांदा इच्यारलं आसतं तर मी हात करून दावला आसता.” मग त्यांनाच आठवलं की फोनवर हात दिसत नाही.

त्यांनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. “तुमी मनाला लावून घिऊ नका, म्याडम. येका शब्दानं काय कुनाचं अडत न्हाई. माझ्यासारखीला बगूनच ते ठरवीत आसत्याल.”

“त्यांनी तुम्हाला बघितलं कुठे मावशी? फोनच होता.”

“फोटू हाय की कागदावर.”

पुन्हा अर्ज करायला वेळ नव्हता. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. बायडाबाईंनी एकच मागितलं. ऑपरेशनच्या दिवशी क्लासमध्ये बसू द्यावं. तिथल्या दवाखान्यातून कोणी इंग्रजीत बोललं तर म्याडम जवळ असाव्यात.

त्या दिवशी त्या सकाळी दहालाच आल्या. जेवल्या नाहीत. दीपाताईंनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी पुढे केली, तीही तशीच राहिली. दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला. पहिली शिफ्ट सुटून मुलं जिन्यात यायला लागली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग निळ्या कपड्यातली एक नर्स, मग पलंगावर सुरेखा. डोळे मिटलेले, ओठ कोरडे.

नर्स हसली. ऑपरेशन नीट झालं, तिला अजून गुंगी आहे, असं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, “आर यू इन माल्टा?”

दीपाताई उत्तर द्यायला पुढे झाल्या, पण बायडाबाईंना त्या वाक्यातलं सगळं कळलं होतं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“नो,” त्या म्हणाल्या. “आय यम नॉट इन माल्टा.”

नर्स थांबली. बायडाबाईंना वाटलं, आता आपली पाळी आहे, आणि त्यांनी जे येत होतं ते सगळं सांगायला सुरुवात केली. “माय डॉटर इज इन माल्टा. आय वॉन्ट टू गो टू माल्टा. आय यिल स्टे इन माल्टा फॉर टू मन्थ्स. आय यिल कम ब्याक फ्रॉम माल्टा.” एक श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, “माल्टा इज अ ब्यूटिफुल कंट्री.”

दारात कानिफनाथ आणि आणखी सात-आठ जण उभे होते. कोणी आत आलं नाही, कोणी हसलं नाही. कानिफनाथने पायातले बूट काढून हातात घेतले, आवाज होऊ नये म्हणून.

“थँक यू,” नर्स म्हणाली. तिला काय कळलं ते सांगता येत नाही, पण ती पलंगाकडे गेली, सुरेखाच्या डोक्याखालची उशी तिने सारखी केली आणि फोन जवळ नेऊन धरला. मग तिने ओला कापूस घेऊन सुरेखाचे ओठ पुसले. बायडाबाई बघत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्या दीपाताईंना म्हणाल्या, “तिला वाकू देऊ नका, हे इंग्रजीत कसं म्हनायचं ते इच्यारायचंच राहिलं.”

दीपाताईंनी त्यांना रिक्षात बसवून दिलं, वर आल्या आणि त्या दिवशीचा क्लास घेतला. विषय आर्टिकल्सचा होता.

सुरेखा बरी झाली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघी केरळी मुलींनी तिला महिनाभर सांभाळलं. बायडाबाई रोज फोनवर विचारत, वाकली न्हाईस ना, आणि ती नाही म्हणे. दीपाताईंनी त्यानंतर आपल्या शिकवण्यात एक बदल केला. प्रत्येक वाक्य त्या दोन तऱ्हांनी म्हणून घेऊ लागल्या. त्यामुळे तास लांबायला लागला आणि दमणूक वाढली, पण एकट्या ‘कम बॅक’वर त्यांना आता थांबवत नसे.

यंदा जानेवारीत सुरेखा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली. परतीच्या दोन दिवस आधी ती आईला घेऊन मॅडमना भेटायला आली. अंगाने भरली होती, केस कापले होते. बायडाबाईंनी येताना बोरं आणली होती. तिघी खुर्च्या जवळ घेऊन बसल्या. सुरेखा सांगत होती, तिकडचे लोक नाव ‘मॉल्टा’ असं काहीतरी म्हणतात, मॅडम, आपण ‘माल्टा’ शिकलो ते चुकीचंच होतं. दीपाताई म्हणाल्या, “बरं. आता तसं सांगेन.”

तेवढ्यात सुरेखाचा फोन वाजला. वृद्धाश्रमातल्या एका आजीचा होता. ती सुरेखाची वाट बघत होती आणि कधी येणार म्हणून विचारत होती. सुरेखा इंग्रजीत भराभर बोलली. तिचं इंग्रजी आता दीपाताईंच्या इंग्रजीसारखं राहिलं नव्हतं. मध्येच ती हसली आणि म्हणाली, “डोन्ट वरी, आय विल बी होम ऑन सन्डे.”

ती बोलत बोलत खिडकीकडे गेली. बायडाबाई बोराची बी हातात धरून बसल्या होत्या.

“म्याडम, माल्टा म्हनली का ती?”

“नाही.”

“होम म्हनली. होम म्हंजे घर ना?”

दीपाताईंना दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. ती काम करते त्या वृद्धाश्रमालाही तिकडे होम म्हणतात, आणि ते खोटंही नव्हतं. पण बायडाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, दहा आठवडे बघत होत्या तशाच.

“हो,” त्या म्हणाल्या. “घर.”

बायडाबाईंनी मान हलवली. बी पदरात ठेवली आणि दुसरं बोर घेतलं. “पिकलेलं बगून घ्या, म्याडम,” त्या म्हणाल्या. “खालची कच्ची हायेत.”

खिडकीशी सुरेखाचं बोलणं चालू होतं. दोघी बोरं निवडत बसल्या.